लाटांचा कायदा आणि कागदाचा कायदा

जुलै महिन्यात तारकर्ली, वेळागर किंवा गोव्यातल्या बेताळभाटीच्या किनाऱ्यावर उभे राहिले, तर समुद्रात एकही होडी दिसत नाही. दिसतात त्या एकामागून एक फुटणाऱ्या लाटांच्या तीन-चार रांगा, चहासारखे गढूळ पाणी आणि निम्म्याने आक्रसलेली वाळू. पण जरा वेळ थांबले की बहुधा एक माणूस दिसतो. डोक्याला प्लास्टिक बांधलेले, एका कोपरावर पाग टाकलेला, नजर लाटांच्या मधल्या पट्टीवर. गुडघाभर पाण्यात तो चार पावले चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. मग एका क्षणी पाग गोल पसरून पाण्यावर पडतो.

या माणसाला आज कायद्याने मुभा आहे. त्याच वेळी खाडीतल्या जेटीला बांधून ठेवलेल्या ट्रॉलरला मात्र ती नाही. हा फरक कागदावर येऊन अर्धे शतकही झालेले नाही. तो कसा आला, हे शोधताना माझ्या लक्षात आले की कोकण-गोव्याच्या मासेमारीचा इतिहास आपण बहुतेक वेळा होडीत बसून लिहितो. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर तो वेगळा दिसतो.

पावसाळ्यात समुद्र बंद असतो, हे पश्चिम किनाऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. पंधराव्या शतकातला अरब नाखवा इब्न माजिद याच्या लेखनात ‘घल्क अल्-बह्र’, म्हणजे सागर मिटण्याच्या काळाची चर्चा आहे. पोर्तुगीज या दिवसांना ‘इन्व्हेर्नो’, म्हणजे हिवाळा म्हणत. युरोपातल्या ऋतूचे नाव त्यांनी आपल्या आषाढाला चिकटवले, कारण त्यांच्या दृष्टीने खूण एकच होती: या दिवसांत जहाज हलत नाही. मांडवीच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत. पावसाळी लाटांत आग्वादचे ते तोंड इतके धोक्याचे होते की अगदी अलीकडे, खनिजाच्या बार्जही त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्याने वळसा घालून मुरगावला जात. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. त्यातही पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी याच्या सूचना आहेत. पुढे आगबोटी आल्या, तरी दक्षिण कोकणातली प्रवासी वाहतूक जूनमध्ये बंद पडायचीच. ‘बंदर बंद झाले’ हे शब्द ज्यांनी ऐकलेले आहेत, असे वाचक अजून असतील.

म्हणजे राजे बदलले, जहाजे बदलली, पण जून ते श्रावण या काळाचा कायदा एकच राहिला. तो लाटांनी केलेला होता. त्याचे कलम साधे आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की फुटते. एरवी आपल्या किनाऱ्यावर लाट पायांपाशी येऊन फुटते. पावसाळ्यात तीन मीटरची लाट चार मीटर पाण्यात, म्हणजे सपाट किनाऱ्यावर पार लांब फुटते. तिथून वाळूपर्यंत सगळा पट्टा पांढरा होतो. याच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे लांबट बांध घालतात. त्या बांधांवर लाट पुन्हा फुटते. उघड्या पुळणीवरून ढकललेल्या होडीला या सगळ्या रांगा ओलांडाव्या लागतात. उलांडी लावलेली होडीसुद्धा यात आडवी होते. श्रावणात वारा पडला, लाट मंदावली, आतली वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लागली, की दरवाजा उघडला. नारळी पौर्णिमेचा नारळ हा त्या उघडण्यावरचा शिक्का.

आता पुन्हा त्या पागवाल्याकडे वळू, कारण बंद समुद्रातून मासा काढण्याची रीत त्याच्याकडे आहे. फुटणारी लाट वाळू ढवळते तेव्हा वाळूतले किडे, बारीक कुर्ल्या, शिंपले उघडे पडतात. ते खायला मुडदुशी आणि बोय अगदी किनाऱ्यालगत येतात. बाहेरचा बांध आणि वाळू यांच्यामध्ये एक खोलगट पट्टी तयार होते. तिथे लाट फुटत नाही आणि पाणी जरा काळसर दिसते. मासा त्या पट्टीत. पाग तिथेच टाकायचा. पण हीच पट्टी जिथे बांध तोडून बाहेर निघते, तिथे पाण्याची ओढ सर्वांत जास्त. जिथे लाट कमी ती जागा सुरक्षित, असे समजून दरवर्षी पर्यटक तिथेच उतरतात. पागवाल्याला दोन्ही जागा ओळखू येतात. लाटेकडे पाठ करायची नाही, पायाखालची वाळू सरकायला लागली की एक पाऊल मागे यायचे, दोर मनगटाला पक्का बांधायचा नाही. ही काही गुपिते नव्हेत, पण ती चुकवलेल्या माणसांच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत. खाडीच्या तोंडाशी, जिथे पावसाचे गोडे पाणी लाटांना भिडते, तिथे गरी टाकून बसणारे असतात. त्यांची नजर चोणकावर असते. रायगडात यालाच जिताडा म्हणतात. अंडी घालण्यासाठी तो याच दिवसांत मुखाकडे सरकतो.

या माणसाचा इतिहास लिहायला कागद फार थोडे. सरकारी कागदाला माणूस दिसतो तो कर, परवाना, कर्ज किंवा गुन्हा यांपैकी काहीतरी त्याच्या नावावर असेल तर. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये गाबीत, दालदी यांची नोंद आहे, मासेमारीची आहे. मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर एच. टी. सोर्ले यांचा अहवाल १९३३ साली आला. अशा दस्तऐवजांचे लक्ष स्वाभाविकपणे होडी आणि जाळे या मोजता येणाऱ्या मालमत्तेकडे असते. कोपरावर एक पाग घेऊन भर पावसात उभा राहणारा माणूस त्यांच्या रकान्यात नीट बसत नाही. काणकोणच्या बाजूला पागी नावाचा समाजच आहे, नावात पाग घेऊन वावरणारा. पण त्यांच्या पावसाळ्यांचा वृत्तांत मला कुठल्या अहवालात भेटला नाही.

याउलट अमेरिकेत काय झाले पाहा. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या कटीहंक बेटावर न्यूयॉर्कच्या धनिकांनी १८६४ साली मासेमारीचा क्लब काढला. खडकांवरून फुटणाऱ्या लाटांच्या वर लाकडी मचाण बांधले आणि त्यावर उभे राहून खवळलेल्या पाण्यात गळ टाकू लागले. आमिष टाकायला माणसे नेमलेली असत. तिथे किनाऱ्यावरून, लाटांत गळ टाकण्याला पुढे मोठे वाङ्मय लाभले. लाट तशीच, धोकाही तसाच. पण हौसेने करणाऱ्याच्या हातात लेखणी होती. आपल्याकडे पोटासाठी करणाऱ्याच्या हातात नव्हती. आज पुण्या-मुंबईहून कार्बन फायबरचे रॉड घेऊन कोकणात येणारे हौशी तरुण दिसतात. त्यांचे व्हिडिओ पाहून मला वाटते, पुढच्या शतकातला इतिहासकार या विषयाची सुरुवात त्यांच्यापासून करील.

असो. पाग एकट्याचा. किनाऱ्याची सामुदायिक मासेमारी म्हणजे रापण, आणि कायद्याची गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

रापण ही होडीची मासेमारी वाटते, पण ती खरी किनाऱ्याची आहे. अनेक तुकडे जोडून केलेले शेकडो मीटर लांबीचे जाळे होडीत भरायचे. त्याचा एक दोर वाळूवरच्या माणसांच्या हाती ठेवायचा. होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक लांबवर पुन्हा वाळूला आणून देते. मग दोन्ही बाजूंनी चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त माणसे दोन-तीन तास ओढतात. बांगडा आणि तारली यांचे थवे पावसाळा संपता संपता किनाऱ्याला लागतात, तेव्हाचे दिवस रापणीच्या कमाईचे. मिळकतीचे वाटे होतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. वाटेने जाणारा कोणी दोराला लागला तर त्यालाही कालवणापुरते मासे मिळतात. तारली फार झाली तर ती माडांच्या मुळात खत म्हणून जायची. मी याचे गोडवे गाऊ इच्छित नाही. जाळ्याचा मालक आणि ओढणारा यांच्यात अंतर होतेच, आणि रापणीच्या खोळीत लहान मासाही येतो. पण एक गोष्ट निश्चित: रापण माशाच्या मागे जात नाही, मासा किनाऱ्याला येईल तेव्हा ती त्याला घेते. तो आला नाही तर तिच्याकडे दुसरा उपाय नाही.

लाटांचा कायदा मोडायचा तर इंजिन हवे आणि खाडीतला धक्का हवा. दोन्ही हळूहळू आले. मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ हा वाफेवरचा ट्रॉलर चालवून पाहिला. तो प्रयोग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार झाला आणि केरळात नींदकरेच्या परिसरात यांत्रिक नौका आल्या. कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, आणि सगळ्या किनाऱ्याचे गणित बदलले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्याच दशकात तिथेही कर्जे आणि अनुदाने देऊन ट्रॉलर आणले गेले. ते घेणारे पुष्कळसे लोक मूळचे मासेमार नव्हते. हे सरकारी धोरण होते आणि त्यामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. उत्पादन वाढवायचे होते, परकीय चलन हवे होते.

पण ट्रॉलर मालीमला, कुटबणला, बेतूलला, म्हणजे नदीच्या आत उभा राहतो. पुळणीवरच्या लाटांशी त्याचा संबंध येत नाही. नदीमुखातून बाहेर पडता आले की झाले. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कोळंबी असते, म्हणून तो तिथेच तळ खरवडत फिरतो, आणि रापणीचे पाणीही तेच. केरळात तर करिक्काडी कोळंबीचा मोठा हंगामच पावसाळ्यात येतो. जे दार सगळ्यांना एकदम बंद होत असे, ते आता काहींना बंद आणि काहींना उघडे झाले. शिवाय बांगडा, तारली यांच्या विणीचा काळ याच दिवसांत. वादळी ऋतू आजवर माशाचा पहारेकरी होता, हे पहारेकरी उठल्यावर लोकांना कळले.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर गोव्याचे रापणकार संघटित झाले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ ही त्यांची संघटना, आणि पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा हे तिचे पुढारी. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रात आणि किनाऱ्यावर चकमकी झडल्या, जाळी फाटली, होड्या जळाल्या. मागण्या अनेक होत्या, पण गाभ्याच्या दोन: किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलर नको, आणि पावसाळ्यात ट्रॉलर नको.

मला या दुसऱ्या मागणीचे नवल वाटत आले आहे. पावसाळ्यात रापण स्वतः चालत नव्हती. म्हणजे हे लोक स्वतःसाठी मासे मागत नव्हते. ज्या दिवसांत आपण समुद्रात जाऊ शकत नाही, त्या दिवसांत कोणीच जाऊ नये, असे मागत होते. विरोधकांनी याला मत्सर म्हटले असेल, तर वरवर ते पटण्यासारखे होते. पण रापणकारांचा हिशेब सरळ होता. पावसाळ्यात पाण्यात राहिलेला मासा भाद्रपदात त्यांच्या दारात येणार होता. हजारभर वर्षे लाटांनी फुकट केलेले काम आता सरकारने करावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

अशा तक्रारी तमिळनाडू आणि केरळातूनही येत होत्या. केंद्राने १९७६ साली मजुमदार समिती नेमली. १९७८ मध्ये मद्रासला निरनिराळ्या राज्यांच्या मासेमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. साल्ढाणा त्याच्या संस्थापकांपैकी एक. समितीच्या कामातून नमुना विधेयक तयार झाले आणि राज्यांकडे गेले, कारण बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी हा राज्यांचा विषय. गोवा, दमण आणि दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८०चा, केरळचाही १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा. तीन प्रदेशांत पाठोपाठ कायदे झाले, हा योगायोग नव्हे. संसदेत कोळंबीच्या निर्यातीचे कौतुक होत असताना वाळूवर दोर ओढणाऱ्यांनी हे कागद लिहून घेतले, असे म्हटले तर मला ते फारसे अतिशयोक्त वाटत नाही.

कायदा होणे आणि लागू होणे यांत अंतर होते. केरळात पावसाळी ट्रॉलबंदी प्रत्यक्षात यायला १९८८ साल उजाडले, तेही पुन्हा आंदोलन करून. तिथल्या निर्बंधांविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९३ मध्ये न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. गोव्याच्या आंदोलनाची पुढची कहाणी जास्त गुंतागुंतीची आहे. रापणकारांच्याच काही घरांतून पुढे ट्रॉलर आणि पर्ससीन आले. पारंपरिक होड्यांना मागे लावायची इंजिने आली, म्हणजे ‘पारंपरिक’ या शब्दाचा अर्थच सैल झाला. साल्ढाणा राजकारणात गेले आणि २०१२ साली मंत्रिपदावर असतानाच वारले. सिंधुदुर्गात भांडण पर्ससीनशी झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्यावर निर्बंध घातले. पुढच्या वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. या बंद्या किती पाळल्या जातात, हे रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहणाऱ्याला कोणी सांगायला नको.

कागदाचा कायदा लाटांच्या कायद्यासारखा नसतो, हे इथे दिसते. लाटेला गस्तीची नौका लागत नाही, डिझेल लागत नाही, पुरावा लागत नाही. आणि लाटेला तारीख नसते. कागदाला ती लागते. महाराष्ट्रात पूर्वी बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. शासनाच्या आदेशात पंचांगातली तिथी यावी, हे मला फार शहाणपणाचे वाटते. पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच मुदत आली. २०१५पासून ती ६१ दिवसांची आहे, १ जून ते ३१ जुलै. प्रशासनाला सोपी. पण नारळी पौर्णिमा २०२० साली ३ ऑगस्टला होती आणि २०२३ साली, अधिक मासामुळे, ३० ऑगस्टला. समुद्र काही तिथीप्रमाणे वागत नाही, पण तो ३१ जुलैलाही थांबत नाही.

शिवाय वादळी ऋतूची वहिवाटच बदलते आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०ला आले.  फयान ११ नोव्हेंबर २००९ला आले, ऐन हंगामात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या होड्या त्यात सापडल्या. ओखीच्या वेळी, डिसेंबर २०१७च्या आरंभी, वारा फारसा नसताना समुद्र फुगला आणि गोव्यातल्या शॅकमध्ये पाणी शिरले. २०१९ची दिवाळी क्यार वादळाच्या पावसात भिजली. तौक्ते मे २०२१च्या मध्यावर कोकणाला घासून गेले, बंदीला दोन आठवडे बाकी असताना. रापणीचे दिवस आधीच थोडे, त्यांतले आता असे कापले जातात. वादळाच्या इशाऱ्यानंतर बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब ६१ दिवसांत कुठेच नाही.

बंदीचा नियम यांत्रिक नौकांना आहे. पाग, गरी, वल्ह्याची होडी यांना नाही. म्हणून जूनमध्ये मासळी बाजार ओस पडतो, सुक्या बांगड्याचे आणि गोलम्याचे डबे उघडतात, बर्फातला परराज्यातला मासा येतो, तेव्हा सकाळी एखाद्या बाईच्या पाटीत केळीच्या पानावर मूठभर मुडदुशी दिसतात. भाव विचारायची सोय नसते. ती लाटांतून काढलेली असते.

१ ऑगस्टला पहाटे जेटीवरच्या नौका ओळीने खाडीबाहेर पडतात. त्यांचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतात: हंगाम सुरू. त्याच सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापणीची होडी मांगरात असते, जाळे आढ्याला टांगलेले असते, आणि बाहेर वाळूचा बांध अजून पांढरा फुटत असतो. ती पाण्यात जायला आणखी पंधरा दिवस लागतात, कधी महिना. तोवर वाळूवर एकटा पागवाला असतो.